अक्षराची परीक्षा



मुख्याध्यापिकेच्या टेबलावर वर्षभर ज्या कागदांवर सह्या होतात, त्यांत 'कॅरेक्टर सर्टिफिकेट' हा एक नेहमीचा कागद. शाळा सोडताना मुले टी.सी.बरोबर तोही मागायला येतात. 'विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे' असे दोन ओळींत लिहून द्यायचे असते. अठरा वर्षांचे एक माणूस दोन ओळींत कसे मावणार, असा प्रश्न सही करताना दर वेळी मनात येतो. तरी सही करावी लागते, कारण पुढच्या महाविद्यालयाला तो कागद हवा असतो.

सी या संगणकाच्या भाषेतही कॅरेक्टरची परीक्षा असते. तिथे कॅरेक्टर म्हणजे एक चिन्ह: अक्षर, अंक, स्वल्पविराम किंवा शब्दांमधली मोकळी जागा. ही परीक्षा घेणारी फंक्शने सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत तयार मिळतात. आपल्या शाळेत शनिवारी आवडीचे तास असतात, तेव्हा अकरावीची काही मुले सी शिकतात. त्यांच्याबरोबर बसल्यावर मला असे वाटले की ही फंक्शने एवढीशी असली तरी त्यांच्यातून निघणारी गोष्ट लहान नाही. तिचा संबंध आपल्या मुलांच्या नावांशी आहे. म्हणून या अंकात तिच्याविषयी लिहिते आहे. ज्यांनी संगणक शिकलेला नाही त्यांनीही वाचावे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संस्थेत तयार केली. १९८९ मध्ये तिचे अमेरिकन मानक ठरले. त्या मानकात 'सी-टाइप डॉट एच' नावाची एक हेडर फाइल आहे. तिच्यात चिन्हाला विचारायचे प्रश्न आहेत. 'इज-अल्फा' विचारते, हे अक्षर आहे का? 'इज-डिजिट' विचारते, हा अंक आहे का? 'इज-स्पेस' मोकळ्या जागेविषयी विचारते, 'इज-पंक्ट' विरामचिन्हाविषयी, 'इज-अपर' आणि 'इज-लोअर' मोठ्या व लहान लिपीविषयी. १९८९च्या मानकात असे अकरा प्रश्न होते; १९९९च्या मानकात 'इज-ब्लँक' आले आणि बारा झाले.

संगणकाला चिन्ह दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. कोणत्या चिन्हाला कोणता आकडा, हे १९६३ पासून चालत आलेल्या 'ॲस्की' नावाच्या कोष्टकात ठरले आहे. त्यात ० ते १२७ असे १२८ आकडे आहेत. इंग्रजी मोठ्या 'ए'ला ६५, लहान 'ए'ला ९७. अक्षरे ५२, अंक १०, विरामचिन्हे व इतर खुणा ३२, आणि एक मोकळी जागा, मिळून ९५. उरलेले ३३ आकडे न दिसणाऱ्या सूचनांसाठी आहेत; ओळ संपली, कागद पुढे सरकवा, अशा त्या सूचना. इज-अल्फा साधारणपणे एवढेच करते: दिलेला आकडा तयार तक्त्यात शोधते आणि समोर 'अक्षर' असे लिहिले आहे का ते पाहते.

आता हुशार मुले विचारतात, "मॅडम, यासाठी फंक्शन कशाला? मोठ्या अक्षरासाठी आकडा ६५ ते ९० मध्ये आहे का एवढे पाहिले की झाले." प्रश्न चांगला आहे, आणि ॲस्कीपुरता बरोबरही आहे. पण सगळे संगणक ॲस्कीवर चालले नाहीत. आयबीएमने १९६४ मध्ये 'सिस्टिम ३६०' हे मोठे संगणक जाहीर केले. त्यांच्यात 'एबसिडिक' नावाचे दुसरे कोष्टक होते. त्यात 'आय'चा आकडा २०१ आणि पुढच्याच 'जे'चा २०९. 'आर' २१७ वर, तर 'एस' २२६ वर. मधल्या जागांत अक्षरे नाहीत. २०८ या आकड्यावर महिरपी कंस बसलेला आहे! 'ए'पासून 'झेड'पर्यंतचे सगळे आकडे अक्षरांचे, असे धरून चालणारा प्रोग्राम तिथे कंसालाही अक्षर म्हणेल. इज-अल्फा वापरले तर त्या त्या संगणकाचा तक्ता पाहिला जातो आणि उत्तर बरोबर येते. अंकांची मात्र गोष्ट वेगळी आहे. ० ते ९ हे एकापाठोपाठ एकच असतील, अशी हमी सीच्या मानकाने दिलेली आहे.

म्हणजे तयार फंक्शन वापरणे चांगलेच. पण ते कसे वापरायचे याचे तीन नियम मी मुलांकडून वहीत लिहून घेतले आहेत.

पहिला नियम: 'हो' म्हणजे १ असे धरू नका. मानक एवढेच सांगते की 'नाही' असेल तर शून्य आणि 'हो' असेल तर शून्याखेरीज काहीही. आपल्या लॅबमधल्या लिनक्सवर इंग्रजी 'ए'साठी इज-अल्फाचे उत्तर छापून पाहिले, तर १०२४ आले. उत्तर १ आले तरच मान्य, असे लिहिलेला प्रोग्राम या खऱ्याखुऱ्या अक्षरालाही नापास करेल.

दुसरा नियम: ज्या आकड्यांसाठी तक्ता बनवला आहे तेवढेच त्याला विचारा. ही फंक्शने साधारणतः ० ते २५५ हे आकडे आणि 'फाइल संपली' ही एक खूण, एवढेच स्वीकारतात. पण पुष्कळशा संगणकांवर सीचे साधे कॅरेक्टर ऋण आकडाही धरू शकते. १२७च्या पुढचा बाइट तिथे ऋण होऊन बसतो. वर्गात हजेरी घेताना कोणी उणे बत्तीस रोल नंबर विचारला तर काय होईल? हजेरीपटाबाहेरचे पान उघडले जाईल. मानकाच्या शब्दांत अशा वेळी वर्तन 'अनिश्चित' असते. काही प्रणाल्या सांभाळून घेतात, काहींवर प्रोग्राम बंद पडतो. उपाय सोपा आहे. विचारण्याआधी ते कॅरेक्टर 'अनसाइन्ड', म्हणजे चिन्हरहित, करून घ्यायचे.

तिसरा नियम: रिकाम्या कागदाला उत्तीर्ण करू नका. समजा, नऊ अंकी समग्र आयडी तपासायचा आहे. प्रत्येक चिन्हाला इज-डिजिट विचारत जायचे आणि एकही चुकीचे सापडले नाही तर 'बरोबर' म्हणायचे. आता कोणी काहीच न लिहिता फॉर्म पुढे केला तर? एकही चिन्ह नाही, म्हणून एकही चुकीचे नाही, म्हणून 'बरोबर'! आधी नऊ चिन्हे आहेत का ते मोजा, मग प्रत्येक तपासा. कोणी आक्षेप घेतला नाही एवढ्यावरून गोष्ट योग्य ठरत नाही, हे सभांमध्ये बसणाऱ्या आम्हा मोठ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

येथवर सगळे पुस्तकी. खरी अडचण आली ती स्नेहसंमेलनाच्या तयारीत. बक्षीसपात्र मुलांची यादी देवनागरीत टाइप झाली होती. नावांत चुकून अंक किंवा खुणा आल्या आहेत का, हे तपासायला एका मुलाने प्रोग्राम लिहिला. तिन्ही नियम पाळलेले होते. प्रोग्राम चालवला आणि यादीतले एकूण एक नाव अमान्य झाले. मुलाने पुन्हा पाहिले, पुन्हा तेच. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, हा म्हणतो मराठीत अक्षरच नाही."

तो हसत म्हणाला, पण शेजारच्या मुलीने लगेच जोडले, "मग इंग्रजीतच टाइप करू ना, तेच बरे पडते." मला चिंता वाटली ती या दुसऱ्या वाक्याची. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांना हा निष्कर्ष फार लवकर सुचतो. यंत्र नाही म्हणाले, तर आपल्यातच काही कमी असेल, असे त्यांना वाटते. म्हणून त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आम्ही यंत्राचे उत्तर उलगडून पाहिले.

'म' हे अक्षर आजच्या संगणकांत बहुधा यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेले असते. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. 'म'चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १७४. प्रोग्राम एकेक बाइट उचलून विचारत होता, '२२४ हे अक्षर आहे का? १६४ आहे का?' त्याने 'म'विषयी कधी विचारलेच नव्हते! 'म'चे तीन तुकडे करून प्रत्येक तुकड्याची ओळख मागितली होती. कोणाच्याही फोटोचे तीन तुकडे करून एकेक तुकडा दाखवला आणि 'हा माणूस आहे का' असे विचारले, तर उत्तर 'नाही' असेच येईल. फ्रेंच किंवा जर्मन नावांतली स्वरचिन्हे असलेली अक्षरेही याच ठिकाणी अडतात. तेव्हा ही काही एकट्या मराठीवर आलेली आपत्ती नाही.

मुलांना मी 'शाळा' हा शब्द मोजायला सांगितला. आपण वाचताना दोन अक्षरे वाचतो. यूनिकोडच्या हिशेबात ती चार चिन्हे आहेत: श, काना, ळ, काना. आणि बाइट आहेत बारा. सीचे लांबी मोजणारे फंक्शन उत्तर देते १२. तिन्ही उत्तरे खरी आहेत. फक्त कोण काय मोजते आहे, हे ठाऊक पाहिजे.

या 'ळ'वरून मला एक जुनी गोष्ट आठवते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या वर्गाच्या भिंतीवर वर्णमालेचा तक्ता होता, त्यात 'ळ' नव्हता. घरी मात्र आजीच्या बोलण्यात तो पदोपदी होता: बाळ, फळा, कंटाळा, सकाळ. लहानपणी मी आजीला विचारले होते की तुझे हे अक्षर शाळेत का नाही. ती म्हणाली, "अगं, तक्ता त्यांचा, त्यांना लागतात तेवढी अक्षरे त्यांनी लिहिली." आजी फार शिकलेली नव्हती, पण संगणकाच्या तक्त्याविषयीही हेच सांगता येईल. तो तक्ता वाईट नव्हता. हिंदी शिकवण्यासाठी तो पुरा होता. ॲस्कीचा तक्ताही इंग्रजीसाठी पुरा होता. तक्ता बनवणाऱ्याने कोणाला डोळ्यांपुढे ठेवून तो बनवला, एवढेच तक्त्यावरून कळते. तक्त्याबाहेर जे राहिले त्याचे मोल तक्ता सांगू शकत नाही.

मग मराठी नावे तपासायची तरी कशी? मार्ग आहे. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात 'इस्की' हे कोष्टक तयार झाले. भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केले. यूनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावर आधारलेली आहे. यूनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे, आणि त्यात 'ळ' आपल्या हक्काच्या जागी आहे. सीच्या मानकातही १९९५च्या दुरुस्तीने 'डब्ल्यू-सी-टाइप डॉट एच' ही नवी हेडर फाइल आली. तिच्यातले 'इज-डब्ल्यू-अल्फा' हे एका बाइटाऐवजी पूर्ण चिन्ह घेते. प्रोग्रामच्या आरंभी योग्य 'लोकेल', म्हणजे प्रदेश व भाषेची निवड, करायची, बाइट जोडून पूर्ण चिन्ह करायचे, मग विचारायचे. त्या मुलाने पुढच्या शनिवारी हे केले आणि 'म', 'र', 'ळ' या सगळ्यांना 'हो' मिळाले.

तरी काम संपत नाही. काना, वेलांटी, हलन्त यांना अक्षर म्हणायचे की नाही? यूनिकोड त्यांना 'जोडचिन्ह' या वेगळ्या वर्गात ठेवतो, आणि इज-डब्ल्यू-अल्फा त्यांच्याविषयी काय म्हणेल, हे वापरलेल्या प्रणालीवर आणि लोकेलवर अवलंबून असते. मोठ्या-लहान लिपीचा प्रश्न आपल्याकडे नाहीच. 'इज-अपर'ला आणि 'इज-लोअर'ला देवनागरीसाठी एकच उत्तर, दोघांनाही 'नाही'. आणि अंकांचे तर गमतीचे आहे. इज-डिजिट कोणतेही लोकेल निवडले तरी फक्त ० ते ९ची इंग्रजी रूपेच अंक मानते. मोठ्या चिन्हांसाठीचे 'इज-डब्ल्यू-डिजिट'ही तेच करते. या लेखात छापलेली सगळी सालेच त्याच्या मते अंक नाहीत! असे का, तर त्या उत्तरावर विसंबून पुढे आकडेमोड करणारे असंख्य प्रोग्राम आहेत. त्यांना दहाच ठरलेली रूपे हवी असतात. कारण कळले की राग येत नाही. देवनागरी अंक स्वीकारायचे असतील तर त्यांची यादी प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः द्यायची. दहाच तर आहेत.

आता पालक आणि विश्वस्तांसाठी. आपले स्कॉलर रजिस्टर संगणकावर नेण्याचा विचार मंडळापुढे आहे. त्यासाठी एक सॉफ्टवेअर दाखवायला आणले होते. विद्यार्थ्याचे नाव देवनागरीत भरले की 'नाव चुकीचे आहे' असा लाल अक्षरांत संदेश येई. आणणाऱ्यांचे म्हणणे, "इंग्रजीत भरा ना, सगळ्याच शाळा तसे करतात." सगळ्या शाळा करत असतीलही. पण रजिस्टरमधले नाव टी.सी.वर जाते, अंकसूचीवर जाते, पुढे पासपोर्टपर्यंत जाते. के, ए, एल, ई ही चार रोमन अक्षरे वाचून मूळ आडनाव काळे, काले की कळे, हे परका माणूस कसे ओळखणार? इंदुरात हिंदी कागदांवर काळ्यांचे 'काले' आणि केळकरांचे 'केलकर' झालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. ते हाताने लिहिणाऱ्याच्या सवयीने झाले. आता तेच यंत्राच्या नियमाने होऊ द्यायचे का, हा निर्णय आपल्या हातात आहे.

माझी मंडळाला विनंती अशी आहे की कोणतेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी त्याची परीक्षा आपण घ्यावी. आपल्याच रजिस्टरमधून दहा नावे निवडावी. एक 'ळ' असलेले, एक जोडाक्षराचे, एक रफाराचे, एक 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' येणारे, एक 'ॲ'ने सुरू होणारे. वडिलांच्या नावासह तीन शब्दांचे एक, आडनावात जोडरेघ असलेले एक, आद्याक्षरापुढे टिंब असलेले एक. एका ठिकाणी जन्मतारीख देवनागरी अंकांत भरावी. आणि एक अर्ज पूर्ण कोरा द्यावा. पहिली नावे स्वीकारली गेली, जशी लिहिली तशीच छापून आली आणि कोरा अर्ज नाकारला गेला, तरच पुढची बोलणी करावी. रोमन नावाचा रकाना असू द्या, तोही लागतो. पण देवनागरी नावाचा रकाना पहिला असावा, आणि रोमन लेखन कसे करायचे ते पालकांना विचारून ठरावे.

ही दहा नावांची यादी अकरावीच्या त्याच मुलांनी तयार केली आहे. कार्यालयात ठेवली आहे. पालकांनी येऊन पाहावी आणि आपल्या घरचे एखादे अवघड नाव तिच्यात राहून गेले असेल तर जरूर जोडावे. विद्यार्थ्यांना एवढेच सांगते की यंत्र 'नाही' म्हणाले तर तिथे थांबू नका. त्याला नेमके काय विचारले होते आणि त्याच्यापाशी तक्ता कोणाचा होता, हे आधी पाहा. आपली भाषा टाकायची की प्रश्न सुधारायचा, हे त्यानंतर ठरवा. बहुतेक वेळा प्रश्न सुधारणे पुरते.